टेस हरवली तो सण

कालगुर्लीच्या आमच्या घरात दुपारी कपाटातले काचेचे पेले आपोआप किणकिणायचे. गावाच्या कडेला सोन्याची उघडी खाण होती. इतकी खोल, की तळाशी चालणारे अवाढव्य ट्रक काठावरून काड्यापेटीएवढे दिसायचे. तिथे सुरुंग लावले की आधी पायाखालची फरशी हलायची, मग पेले वाजायचे, आणि सगळ्यात शेवटी दुरून आवाज यायचा, उतारावरून पिंपं घरंगळत गेल्यासारखा. सुरुवातीला आई दचकून देवाचं नाव घ्यायची. पुढे तिने त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायला सुरुवात केली. पप्पा त्याच खाणीत मेटलर्जिस्ट होते, म्हणजे दगडातून सोनं किती निघेल आणि कसं निघेल ते बघणारे. स्किल्ड व्हिसावर आम्ही ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पर्थपासून दिवसभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाल माती आणि खुरटी झाडं. पत्र्याच्या छपराचं घर, मागे अंगण, अंगणाला नालीदार पत्र्याचं कुंपण. कितीही पुसलं तरी खिडकीच्या कडेला बोट फिरवलं की बोट लाल व्हायचं.

घरात आम्ही तिघंच. पप्पांचं नाव मोझेस, आईचं सिप्पोरा, माझं रिबका. महिन्याभरात गावाने आमची मो, झिप आणि बेक्स करून टाकली. लांब नाव पूर्ण उच्चारायचा तिथल्या लोकांना कंटाळा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. पप्पा पेणचे, आई ठाण्याची. पप्पांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, म्हणून शनिवारी तो बंद असायचा, त्यामुळे आसपासची गावं आम्हाला शनवार तेली म्हणायची. आमच्याबद्दल कोणाला काही वेगळं वाटलंच तर ते एवढंच. जगात यहुद्यांना कुठेकुठे मारलं, हाकललं, हे मी पप्पांकडून ऐकलं होतं, पण ते सांगून झालं की ते लगेच म्हणायचे, "आपल्याला मात्र कोणी कधी बोट लावलं नाही हं." हे ते अशा अभिमानाने सांगायचे, जणू त्यात आमची काही हुशारी होती.

आमच्या धर्मात रक्त वर्ज्य. हे मला आता सविस्तर सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे. प्राण्याचं रक्त पोटात जाता कामा नये, थेंबभरसुद्धा नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा पप्पा पर्थहून बर्फाच्या पेटीत कोशर मटण आणायचे, म्हणजे आमच्या नियमाने कापलेलं. ते आधीच मीठ लावून, धुऊन दिलेलं असायचं, पण आईचा त्यावर विश्वास नव्हता. ती पुन्हा पाण्यात भिजवायची, उतरत्या लाकडी फळीवर मांडून त्याला जाडं मीठ चोळायची, आणि खालच्या पातेल्यात पाणी निथळत राहायचं. मग तीन वेळा धुणं. तोवर सुरुंग होऊन गेलेला असायचा, माझा होमवर्क झालेला असायचा आणि मला कडकडून भूक लागलेली असायची. मग ओला नारळ वाटून त्याच्या दुधात ते मटण शिजायचं, कारण मटणाबरोबर गाईचं दूध आम्हाला चालत नाही. अंड्याचंही तसंच. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, उजेडात धरून बघायचं, बलकावर लाल ठिपका दिसला की अंडं सरळ फेकून द्यायचं. अंडं वाया गेल्यावर आई चुकचुकायची, पण फेकायची.

हे अंडी तपासायचं काम टेसने स्वतःकडे घेतलं होतं. टेस शेजारच्या शॅरनची मुलगी, सहा वर्षांची. शॅरन एकटीच होती. खाणीतले ते अवाढव्य ट्रक चालवायची, बारा-बारा तासांच्या शिफ्टला. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात ती दारात येऊन आईला म्हणाली होती, "शाळा सुटल्यावर हिला तासभर ठेवशील का, झिप? माझी मुलं सांभाळणारी बाई गाव सोडून गेली." त्या तासाभराची पुढे रोजची संध्याकाळ झाली. कुंपणाचा एक पत्रा सैल होता, तो ढकलून टेस आत यायची. गुडघे कायम खरचटलेले, केस वाळलेल्या गवताच्या रंगाचे, समोरचा एक दात पडलेला. आई तिला मांडीवर घेऊन बिरड्याचा भात भरवायची. बिरडं म्हणजे वालाची उसळ. ते कडवट वाल त्या पोरीला कसे आवडायचे देव जाणे. "अजून एक घास, चिऊचा," असं आई म्हणायची आणि टेस "छिऊचा" म्हणत तोंड उघडायची. मी त्या काळात आईला सगळी उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायचे. टेस मात्र मराठी बोलायची, मोडकंतोडकं का होईना. अंडं फोडलं की ती स्टुलावर चढून वाटीत नाक खुपसून बघायची आणि ओरडायची, "नो ब्लड, आँटी झिप!" आई म्हणायची, "शाब्बास." मग ती मला म्हणायची, "बेक्स, शाब्बास म्हणजे गुड गर्ल."

पेसाख हा आमचा बिनखमिराच्या भाकरीचा सण. आमचे पूर्वज मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून घाईघाईने निघाले तेव्हा पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून सणाचे आठ दिवस घरात पाव, यीस्ट, खमीर असलेलं काहीही ठेवायचं नाही. त्याआधी सगळं घर धुऊन काढायचं, कपाटाच्या सांदीतला चुरासुद्धा झाडून काढायचा. सणासाठी आई काळ्या मनुकांचं सरबत करायची. कोकणात आमच्याकडे वाइन कुठली मिळायला, म्हणून तेच आमचं सणाचं पेय. मनुका रात्रभर भिजवायच्या, कुस्करून उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. गडद लाल रंगाची बरणी खिडकीत ठेवली की उन्हात ती आतून पेटल्यासारखी दिसायची. आदल्या वर्षी टेसने ते सरबत प्यायलं होतं आणि ओठांना लागलेला रंग पुसू दिला नव्हता.

त्या वर्षी सणाच्या आदल्या दुपारी शाळेला सुट्टी होती. शॅरन शिफ्टवर होती. स्वयंपाकघर धुऊन पुसून झालं होतं, आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि टेस पत्रा ढकलून आत आली. तिच्या हातात अर्धा खाल्लेला टोस्ट होता.

"अगं अगं, आत नको!" आई म्हणाली. "बाहेर खा, हात झटक आणि मग ये. आज घरात पाव चालत नाही, राणी."

"ओके, छिऊ," टेस म्हणाली आणि वळली. मी जेवणाच्या टेबलाशी फोनवर काहीतरी बघत बसले होते. ती जाताना मला फक्त तिची पाठ दिसली.

थोड्या वेळाने आईने हाक मारली. मग मागच्या दारातून मारली. मग शॅरनच्या घरात जाऊन आली. मग मला म्हणाली, "तू रस्त्याच्या त्या टोकापर्यंत बघून ये," आणि तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मी चपला न घालताच धावले. अंधार पडायच्या आत पोलीस आले होते, शॅरन कामाच्या बुटांसकट आमच्या स्वयंपाकघरात बसली होती आणि आईने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. शॅरन पुनःपुन्हा एकच बोलत होती, "ती तुझ्याकडे होती, झिप. ती तुझ्याकडे होती ना." त्या वेळी त्यात आरोप नव्हता. तो पुढे आला.

त्या संध्याकाळी आम्ही सणाचं टेबल मांडलं नाही. पप्पा टॉर्च घेऊन शोधायला गेलेल्या माणसांबरोबर निघून गेले. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव रेल्वेलाइनपलीकडच्या झुडपात रांग करून चालत होतं, हातात काठ्या, एकमेकांत हातभर अंतर. पप्पाही त्या रांगेत होते. तिथली जमीन दगाबाज आहे. शंभर वर्षांपूर्वी सोन्यासाठी लोकांनी जागोजागी विहिरीसारखी भोकं खणली आणि सोनं संपल्यावर फळ्या टाकून तशीच सोडून दिली. फळ्या कुजतात, वर माती साचते, गवत उगवतं. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी कोणी त्याच्याबद्दल बोलत नव्हतं, कारण बोललं की ते खरं झालं असतं.

शॅरनचा भाऊ ड्वेन दक्षिणेच्या समुद्रकाठच्या एस्परन्सहून आला होता. तो वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. भाचीवर त्याचा जीव होता, झोपेविना त्याचे डोळे सुजले होते, आणि काहीतरी करत राहण्याखेरीज त्याला काही सुचत नव्हतं. गावाचा एक ऑनलाइन ग्रुप होता. हरवलेली कुत्री, विकायचे सोफे, असलं काहीबाही त्यावर यायचं. त्यावर त्याने टेसचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की ती शेजारच्या इंडियन घरात होती, आणि ते लोक विचित्र आहेत. टेसनेच त्याला ख्रिसमसला सांगितलं होतं म्हणे, की आँटी झिपच्या घरी आम्ही रक्त आहे का ते बघतो. मटणातलं सगळं रक्त काढतात आणि भांड्यात जमवतात. आणि सणाला लाल ड्रिंक पितात. एका शब्दातही खोटं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीने जे पाहिलं ते मामाला कौतुकाने सांगितलं होतं.

त्याखाली कोणीतरी विचारलं, हे नक्की कोण आहेत, मुस्लिम की हिंदू? कोणीतरी उत्तर दिलं, नाही, ज्यू आहेत, मो माझ्या शिफ्टला असतो. आणि मग एक माणूस आला. त्याचा चेहरा नव्हता, खरं नाव नव्हतं, तो आमच्या गावचा तर नव्हताच. त्याने लिहिलं, या आठवड्यात त्यांचा कुठला सण आहे ते बघा, आणि त्या सणाला ते ख्रिश्चन मुलांचं काय करतात तेही बघा. सोबत एक चित्र होतं, जुन्या लाकडी ठशाचं. मधे एक उघडं मूल, भोवती उंच टोप्या घातलेली माणसं, एकाच्या हातात सुरी, एकाच्या हातात वाडगा.

मी फोन पप्पांपुढे धरला. ते नुकतेच शोधून परत आले होते, बुटांवर लाल धूळ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चित्र जवळ घेतलं.

"हे काय आहे?"

"पप्पा, दे आर सेइंग इट्स अस."

"आपण? आपण काय?" ते खरंच विचारत होते. पन्नाशीला आलेला माणूस, शिकलेला, दर शुक्रवारी प्रार्थना म्हणणारा, आणि हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. यहुदी लोक सणाच्या भाकरीत मुलाचं रक्त मिसळतात, ही गोष्ट निम्म्या जगाला पाठ होती आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांतल्या आम्हालाच माहीत नव्हती. आईला समजावून सांगावं लागलं तेव्हा ती आधी हसली. मोठ्याने नाही, पण हसली. "रक्त? आपण?" ती म्हणाली. "अहो, मी अंडं टाकते." आणि मग तिच्या चेहऱ्यावरून ते हसू जे गेलं, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या सकाळी पप्पा काठी घेऊन रांगेत उभे राहायला गेले आणि थोड्याच वेळात परत आले. त्यांच्या शिफ्टचा फोरमन, ज्याच्या घरी आम्ही बार्बेक्यूला जायचो, त्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू घरी जा, मो. पोरं अपसेट आहेत." त्याच दुपारी पोलीस झडतीला आले. पोलीसबाई तरुण होती, हातमोजे घालताना ती आमच्याकडे बघत नव्हती. त्यांनी गादी उलटी केली, अंगणातली माती उकरली, मटणाची फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळली. मग तिने खिडकीतली बरणी उचलली.

"यात काय आहे?"

"मनुका," आई म्हणाली. "मनुका आणि पाणी. मी पिऊन दाखवू?"

"त्याची गरज नाही, मॅम. टेस्टला पाठवावं लागेल." पोलीसबाईचे कान लाल झाले होते. तिने बरणी नेली. रस्त्यापलीकडे दोन-तीन यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाड्या, लावलेल्या होत्या, त्यांना टेकून माणसं उभी होती, आणि ती बरणी उन्हात घरातून बाहेर येताना त्या सगळ्यांनी पाहिली. एकाने फोन वर धरला. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्या ग्रुपवर होता.

पप्पांनी पर्थच्या सिनेगॉगला फोन केला होता. सणाचे पहिले दोन दिवस सरल्यावर तिथले एक म्हातारे गृहस्थ ट्रेनने आले. मिस्टर झेलिग. ऐंशीच्या पुढचे, मूळचे पोलंडचे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बिनखमिराच्या भाकरीचे खोके. आम्हाला ते आधी दोनदाच भेटले होते. ते टेबलाशी बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले आणि फोनवरचं चित्र बघून म्हणाले, "हं. हे मला माहीत आहे."

मग त्यांनी आम्हाला ते सांगितलं, सावकाश, एखाद्या आजाराची माहिती द्यावी तसं. नऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जंगलात एका मुलाचं प्रेत सापडलं. कोणी मारलं ते कोणालाच कळलं नाही. काही वर्षांनी मठातल्या एका साधूने गोष्ट लिहिली, की यहुद्यांनी मारलं. तिथून ती फ्रान्सला गेली, जर्मनीत गेली, इटलीत, पोलंडमध्ये, सीरियात, रशियात. कुठे मूल हरवलं, बुडालं, की लोक यहुद्यांच्या गल्लीत शिरायचे. पकडलेल्यांना हाल करून कबूल करायला लावायचे. काही गावांनी त्या मेलेल्या मुलांना संत केलं, त्यांच्या नावाने जत्रा भरवल्या. पोपने जाहीर केलं की हे खोटं आहे, राजांनी चौकशा केल्या आणि तेच म्हणाले. "पण बऱ्याचदा," मिस्टर झेलिग म्हणाले, "माणसं जाळून झाल्यावर."

"हे सगळं जुनं झालं," पप्पा म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "मी सोळा वर्षांचा होतो, मिस्टर मोझेस. युद्ध संपून वर्ष झालं होतं. नाझींच्या छावण्यांमधून जे परत आले ते आमच्या शहरात एका घरात राहत होते. मीही तिथेच राहायचो. एक लहान मुलगा आईबापांना न सांगता दूरच्या ओळखीच्या गावी गेला, तिथे चेरी खाल्ल्या, मजा केली. परत आल्यावर म्हणाला, ज्यूंनी मला त्या घराच्या तळघरात कोंडून ठेवलं होतं. पोलीस आले, सैनिक आले, मग कारखान्यातले कामगार आले लोखंडी सळ्या घेऊन. चाळीसच्या वर माणसं मारली. मी पाव आणायला गेलो होतो." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "त्या घराला तळघरच नव्हतं. आणि तो मुलगा तर परत आला होता. जिवंत. धडधाकट. रस्त्यात सगळ्यांना दिसत होता."

मग आई मराठीतच म्हणाली, "मी तिला टोस्ट बाहेर खायला सांगितलं." पप्पांनी भाषांतर केलं. मिस्टर झेलिगनी काठीवरचा हात उचलून आईच्या मनगटावर ठेवला. "ते तुमचं खरं दुःख आहे," ते म्हणाले. "पण ते तुम्हाला आत्ता कोणी करू देणार नाही."

"मग आम्ही काय करायचं?" पप्पांचा आवाज चढला. "हा ऑस्ट्रेलिया आहे. इथे कायदा आहे. पोलिसांकडे रिपोर्ट येईल, बरणीत मनुका आहेत, फळीवर मेंढीचं मटण आहे. आम्ही रक्ताला शिवत नाही हे कोणीही सांगेल."

"हो, येईल रिपोर्ट," म्हातारा म्हणाला. "दार लावून घ्या. आणि जायची तयारी ठेवा."

पप्पांना त्यांचा राग आला. त्या दिवशी मलाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पुढचं दार उघडलं आणि तसंच बंद केलं. व्हरांड्यात कोणीतरी कत्तलखान्यातली बादली ओतली होती. रक्त, आतडी, मेंढीचं एक डोकं. फरशीच्या फटींत ते साकळलं होतं आणि माश्यांचा आवाज बंद दाराच्या आत येत होता. पोलीस आले, फोटो काढले, कोणी पाहिलं का विचारलं. अर्थात कोणी पाहिलं नव्हतं. ते गेल्यावर आईने साडी नेसली. घरात ती एरवी कधी साडी नेसायची नाही. पदर खोचून, पाण्याचा पाइप लावून ती व्हरांडा धुवायला लागली. पप्पा म्हणाले, "मी करतो, सिप्पोरा, तू आत जा." ती म्हणाली, "नाही." तिने खराट्याने ते सगळं रस्त्याच्या कडेपर्यंत लोटलं. पलीकडे यूटला टेकलेली माणसं बघत होती. ज्या बाईने आयुष्यात रक्ताचा ठिपका ताटात येऊ दिला नव्हता, तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते, आणि ती कोणाकडेही न बघता धूत होती. मी आतून, जाळीच्या दारातून बघत होते. बाहेर गेले नाही, कारण पप्पांनी माझा दंड धरून ठेवला होता.

टेस त्याच दिवशी सापडली. रेल्वेलाइनपलीकडे, आमच्या घरापासून फार लांब नाही, अशा एका जुन्या भोकात. वरच्या फळ्या मोडल्या होत्या. रांग तिथून दोनदा गेली होती म्हणे. ती बहुधा एखाद्या घोरपडीच्या मागे गेली असेल, तिला घोरपडींचं वेड होतं. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणी गेली, तिला काही कळलंही नसेल. हे खरं होतं की आईबापांना सांगतात ते होतं, मला माहीत नाही. तिच्या अंगावर पडताना झालेल्या जखमांखेरीज दुसरी कुठलीही जखम नव्हती. पुढे रीतसर चौकशी झाली आणि अपघात असाच निकाल लागला. बरणीत मनुका निघाल्या.

तुम्हाला वाटेल, इथे ते संपलं. मलाही वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी ग्रुप उघडला तेव्हा वर कोणीतरी मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं आणि खाली लोक लिहीत होते: भोकात टाकली कोणी? आधी कुठे ठेवली होती? पोलिसांना किती मिळाले? काहींनी माफ करा असं लिहिलं. त्यांना बाकीच्यांनी गप्प केलं. ड्वेनने स्वतः लिहिलं की आता बास करा, आमच्या पोरीला शांतपणे जाऊ द्या. त्यालाही शिव्या पडल्या. तेव्हा मला मिस्टर झेलिगच्या बोलण्याचा अर्थ कळला. त्यांच्या गोष्टीतला तो मुलगा धडधाकट रस्त्यात उभा होता आणि तरी कोणाला दिसत नव्हता.

मी आता सिडनीच्या ब्लॅकटाउनला राहते, आई माझ्याकडे असते. पप्पा गेले. माझी मुलगी टेसच्या वयाची झाली म्हणून मी हे लिहायला बसले. गेल्या वर्षी वेंटवर्थव्हिलच्या एका दुकानात ओळख झालेल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मला तेच चित्र आलं, तेच उघडं मूल, त्याच टोप्या. फरक एवढाच की खाली मजकूर मराठीत होता. पुढे पाठवणारी पुण्याची, चांगल्या घरातली, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेली. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तुमच्याबद्दल नाही गं ते, तुम्ही तर आपले कोकणातले. ते तिकडचे." मी म्हटलं, "तिकडची मीच आहे." ती म्हणाली, "सॉरी गं, मी वाचलंच नव्हतं नीट, फॉरवर्ड केलं." मी आईला हे सांगितलेलं नाही.

टेसच्या अंत्यविधीला आम्ही गेलो नाही. पोलीसबाई घरी येऊन म्हणाली होती, सध्या नको, सगळ्यांच्याच दृष्टीने बरं. चर्चची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आली. आई ओट्याशी उभी होती. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. इतके दिवस ती एकदाही रडली नव्हती, आणि पप्पांना त्याचीच भीती वाटायला लागली होती. खाणीने पप्पांना घरी बसायला सांगितलं, त्यांच्या सुरक्षेसाठी म्हणून. नोकरी गेली नव्हती, पण परत बोलावतही नव्हते. माझ्या शाळेतून एकाही मुलीचा मेसेज आला नाही. पप्पांनी सिडनीत काम शोधलं आणि आम्ही सामान बांधलं.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी भरून झाली होती. आम्ही आत बसलो, पप्पांनी इंजिन चालू केलं आणि शॅरन रस्त्यावरून चालत आली. ती इतकी वाळली होती की मी आधी ओळखलं नाही. ती गाडीपुढे येऊन थांबली. आई उतरली. दोघी बॉनेटच्या दोन बाजूंना उभ्या होत्या.

"मी विश्वास ठेवला," शॅरन म्हणाली. "ड्वेनने मला ते चित्र दाखवलं, झिप, आणि मी विश्वास ठेवला. माझी पोरगी रोज तुझ्या हातचं जेवायची आणि मी... तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून आले."

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"कसं?"

"तू माझ्याशी बोलायची थांबलीस."

शॅरनने तोंडावर हात धरला. आईने तिला काही हरकत नाही असं म्हटलं नाही. मला वाटतं तिला ते म्हणता आलं नसतं, आणि शॅरनलाही ते नको होतं. मग आईचा चेहरा पिळवटला. "मला तिच्यासाठी रडू दिलं नाही गं कोणी," ती मराठीत म्हणाली. "माझ्या मांडीवर जेवायची ती. मला रडू दिलं नाही." आणि ती भर रस्त्यात खाली बसली, लाल मातीत, आणि मोठ्याने रडायला लागली, एकेक आठवण सांगत, आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यावर बायका रडतात तशी. शॅरनला त्यातलं टेसचं नाव सोडून एक अक्षर कळत नव्हतं. ती आईशेजारी गुडघ्यांवर बसली आणि दर वेळी ते नाव आलं की मान हलवत राहिली.

पप्पांनी इंजिन बंद केलं आणि दार उघडून ते उन्हात उभे राहिले.